बुडबुडे थांबले म्हणजे बिअर तयार झाली का?

किट आणून घरी बिअर बनवणाऱ्या नवशिक्याची नजर एअरलॉकवर, म्हणजे भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या झडपेवर, खिळलेली असते. बुडबुडे येत आहेत तोवर किण्वन (यीस्टने साखर आंबवण्याची क्रिया) चालू, ते थांबले की बिअर बाटल्यांत भरायला हरकत नाही, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे, आणि भरलेल्या बाटल्या फुटतात त्यामागे अनेकदा हाच समज असतो.

किटच्या डब्यात बार्लीच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, काकवीसारखा दाट अर्क असतो. पिष्टाची साखर करण्याचे विकरांचे काम आधीच उरकलेले असते, हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणाही बहुधा त्यात उतरलेला असतो. आपण तो निर्जंतुक भांड्यात पाण्यात विरघळवायचा आणि मिश्रण साधारण २० अंश सेल्सिअसला आले की यीस्ट घालायचे. यीस्ट १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार करते. यामागे काही गूढ ‘जीवनशक्ती’ असते असे पूर्वी मानले जाई; १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर वाटून काढलेल्या, जिवंत पेशी नसलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवले आणि तो विषय मिटला. घरी केलेली बिअर ‘नैसर्गिक’ म्हणून निरुपद्रवी, हा प्रचारही असाच निराधार आहे. इथेनॉल कुठूनही आले तरी यकृताच्या दृष्टीने ते इथेनॉलच.

आता बुडबुड्यांकडे वळू. झाकण किंचित सैल असेल तर वायू कडेने निसटतो आणि किण्वन ऐन भरात असतानाही एअरलॉक शांत राहतो. उलट किण्वन संपल्यावर खोली तापली, तर द्रवात विरघळलेला वायू बाहेर पडू लागतो आणि बुडबुडे पुन्हा दिसतात. खरी साक्ष द्रवाच्या घनतेची असते, कारण साखरेचे पाणी साध्या पाण्यापेक्षा जड आणि अल्कोहोल हलके असते. सुरुवातीला हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारा काचेचा मापक, १.०४० दाखवत असेल (साधे पाणी १.०००), तर साखर संपता संपता तो बुडत बुडत १.०१० च्या आसपास स्थिरावतो. या फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे आकारमानी प्रमाण मिळते, म्हणजे सुमारे ३.९ टक्के. माप घेताना मापक बोटांनी गरकन फिरवावा, कारण त्याच्या काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे त्याला वर उचलून धरतात आणि आकडा फुगवतात.

बाटलीत फेसासाठी दर लिटरला सुमारे ६ ग्रॅम साखर घालतात; तिच्यापासून दीड लिटर वायू तयार होतो. घनतेतील ०.००१ ची प्रत्येक घट लिटरमागे आणखी अंदाजे अर्धा लिटर वायू देते. म्हणजे १.०१० ऐवजी १.०१६ ला बाटली बंद केली, तर ३ लिटर वायू जास्तीचा! मग आतला दाब शॅम्पेनच्या बाटलीतल्या दाबाच्या घरात जातो, आणि बिअरची साधी बाटली त्यासाठी घडवलेलीच नसते.

म्हणूनच दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापे तंतोतंत जुळल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. मापे जुळली पण आकडा १.०२० वरच अडला असेल, तर बहुधा गारव्यामुळे यीस्ट तळाशी निपचित पडलेले असते. अशा वेळी भांडे थोड्या उबदार जागी हलवावे, हलकेच गोल फिरवून गाळ उठवावा आणि काही दिवसांनी पुन्हा मोजावे.