जुन्या गिटारचं वय कसं ओळखावं? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून गिटार खाली आली, की ती पुसून घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही किती जुनी असेल हो? कोल्हापूर हे स्टुडिओंचं आणि ऑर्केस्ट्रांचं गाव. इथल्या पेठांमधल्या घरांतून चांगल्या जुन्या अकूस्टिक गिटारी अजूनही निघतात. घरच्या घरी काय बघता येईल, ते या पत्रकात लिहिलं आहे. आधी एक कळकळीची विनंती: गिटार पुसू नका, आणि पॉलिश तर मुळीच मारू नका. ज्या खुणांवरून वय कळतं, त्या बऱ्याचदा ओल्या फडक्यानं आणि पॉलिश पेपरनंच जातात.

चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका

पिवळी पडलेली, तडे गेलेली, ब्रिज (तारा जिथे खोक्याला अडकवतात ती पट्टी) उचललेली गिटार फार जुनी असते, असं सगळ्यांनाच वाटतं. पण जुलै-ऑगस्टात आपल्याकडची हवा इतकी ओली असते, की लाकूड फुगतं. एप्रिलात तेच आकसतं. भिंतीवर खिळ्याला टांगून दहा-बारा पावसाळे काढलेली गिटार पन्नाशीची दिसायला लागते. पेटीत जपलेली पन्नाशीची गिटार मात्र कालच आणल्यासारखी वाटते.

आतलं लेबल

मधल्या गोल भोकातून टॉर्च लावून आत बघा. मोबाइल भोकाशी धरून फोटो काढले तर आणखी चांगलं. लेबलावर सगळे कंपनीचं नाव वाचतात. आम्ही आधी पत्ता वाचतो.

शिवाजी पेठेतले एक काका त्यांच्या थोरल्या भावाची गिटार घेऊन आले होते. दादानं १९६५ साली घेतली, याबद्दल त्यांना खात्री होती. आत कलकत्त्याच्या दुकानाचं लेबल होतं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण शेवटची ओळ शाबूत, आणि त्या ओळीत सहा आकडी पिन कोड. आपल्याकडे पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. म्हणजे ही गिटार त्याआधीची असूच शकत नव्हती. काका जरा खट्टू झाले. मग आम्ही त्यांना नटवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीवर, चढवलेली धातूची पट्टी दाखवली. तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) उंच उचलण्यासाठी ती लावतात, म्हणजे ही गिटार मांडीवर आडवी ठेवून, हवाईयन पद्धतीनं वाजवलेली. ते बघताच काका म्हणाले, "हां, मग ही दुसरी. पहिली दादानं विकली होती. ही मात्र तो मांडीवरच घेऊन बसायचा."

पत्त्यातून असं पुष्कळ कळतं. लेबलवर कोलकाता असेल तर ते २००१ नंतरचं, मुंबई असेल तर बहुधा १९९५ नंतरचं. उलट बाजूनं मात्र हे धरू नका. जुनी छापील लेबलं आणि जुनी नावं दुकानदार पुढेही वर्षानुवर्षं वापरत राहतात. देशाचं नावही असंच कामाला येतं. 'पश्चिम जर्मनी' हा देश १९४९ ते १९९०, चेकोस्लोव्हाकिया १९९२ च्या अखेरीपर्यंत.

यामाहाच्या गिटारी आपल्याकडे बऱ्याच आहेत. लेबलावर 'निप्पॉन गाक्की' असेल तर ती १९८७ च्या आधीची समजावी, कारण त्या साली कंपनीनं ते नाव सोडून यामाहा कॉर्पोरेशन हे नाव घेतलं. एफजी-१८० हे मॉडेल १९६६ साली आलं. त्या सुरुवातीच्या लाल लेबलवाल्या गिटारी प्लायवूडच्या आहेत, तरी जगभर लोक त्या शोधत असतात. तेव्हा 'प्लायवूड आहे, टाकून द्या' असं कुणी म्हणालं तर लगेच ऐकू नका.

नंबर

मार्टिन या अमेरिकन कंपनीच्या गिटारीचा नंबर आत, मान जिथे खोक्याला जोडली जाते त्या ठोकळ्यावर ठोकलेला असतो. हे नंबर १८९८ साली ८००० पासून सुरू झाले आणि एकाच ओळीत पुढे चालले: १९६० च्या अखेरीस सुमारे १,७५,०००, १९७० च्या अखेरीस सुमारे २,७१,०००. इतकी सरळ नोंद फार थोड्या कंपन्यांची आहे.

गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं तसं नाही. साठच्या दशकात त्यांनी तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरले, त्यामुळे त्या काळातल्या नुसत्या नंबरावर विसंबू नये. १९७७ पासून पुढे मात्र बहुतेक गिटारींना आठ आकडी नंबर आहे. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होतं, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. समजा, नंबर ८०४५५०२१ आहे. पहिला ८, पाचवा ५, म्हणजे १९८५. ०४५ म्हणजे पंचेचाळिसावा दिवस, १४ फेब्रुवारी. नंबर बघण्याआधी माथ्यावरचं नाव मात्र अक्षर न् अक्षर वाचा. कोलकात्याची गिवसन ही वेगळी कंपनी आहे, आणि दोन्ही नावांत एकाच अक्षराचा फरक आहे.

लेबल नाही, नंबर नाही, तर?

मग गिटारच्या अंगावरच शोधायचं. नियम साधा आहे: गिटारवरचा सर्वांत नवा मूळ भाग जेव्हाचा, त्याआधीची ती गिटार नसते. ट्यूनिंग कीचे, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांचे, स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचे, ज्याला आपण प्लसचे म्हणतो, ते स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरच आले. मान खोक्याला चौदाव्या फ्रेटवर मिळते की बाराव्या, हेही मोजा. मार्टिनसारख्या अमेरिकन कंपन्यांच्या स्टीलच्या तारांच्या गिटारींत चौदा फ्रेटची मान १९२९-३० नंतर रुळली.

खरी मेख आहे 'मूळ' या शब्दात. की बदललेल्या असतील तर त्यांच्या स्क्रूवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून आम्ही की काढून तिच्याखालचं लाकूड बघतो. तिथे जुन्या कीच्या आकाराचा गडद डाग किंवा बुजवलेली भोकं दिसली, की ती की नंतरची. पॉलिशचंही तेच. काळोखात अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर (जुन्या गिटारींवरचा चकचकीत लेप) हिरवट-पिवळं चमकतं, आणि नंतर हात मारलेला भाग वेगळा पडलेला लगेच दिसतो.

आणताना

तारा दोन-तीन पिळे सैल करा, पण काढू नका. सुटलेले तुकडे, तुटलेल्या की, जुनी पेटी, पेटीच्या खणातली पावती, आजोबा ती वाजवत असल्याचा एखादा फोटो, जे मिळेल ते बरोबर आणा. लेबल सुटत असेल तर घरी गोंद लावू नका; आहे तसं कागदी पाकिटात घाला. उन्हाळ्यात गिटार गाडीच्या डिकीत ठेवून बाजारहाट करत येऊ नका, तासाभरात ब्रिजचा सरस सुटतो. समोर बसून बघण्याचे आम्ही पैसे घेत नाही. की किंवा तारा उतरवाव्या लागणार असतील तर आधी तुम्हाला विचारूनच हात लावू.