नेइदान आणि ताओ परंपरेतील गुरू

नेइदान ही चीनमधील ताओ पंथाची देहांतर्गत साधना आहे. श्वास, अवधान आणि ‘छी’ म्हणजे प्राणशक्ती यांच्या बळावर साधकाने स्वतःच्याच देहात अमृतगुटिका सिद्ध करायची, ही तिची मूळ कल्पना. थांग राजवटीच्या उत्तरकाळात तिची मांडणी होऊ लागली आणि सुंग काळात (९६०–१२७९) तिला आजचे रूप आले. ही विद्या गुरुमुखातूनच घ्यावी असे तिचे ग्रंथच बजावतात. त्यामुळे खरा गुरू कोण आणि तो ओळखायचा कसा, हा प्रश्न या साधनेला पहिल्यापासून चिकटलेला आहे. आज ‘ताओवादी ऊर्जासाधना’ म्हणून जे शिकवले जाते त्यात आरोग्याचे व्यायाम, युद्धकलेची पूर्वतयारी, चिनी वैद्यकातील उपचार आणि नेइदान यांची सरमिसळ असते. यांपैकी आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरले, की शिक्षक निवडण्याचे निम्मे काम होते.

पूर्वपीठिका

या साधनांचा सर्वांत बोलका जुना पुरावा हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगद्वी येथे सापडला. इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेले एक थडगे १९७३ साली उघडण्यात आले. त्यात रेशमी कापडावर रंगवलेल्या ४४ मानवाकृती होत्या. स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत, वयस्क आहेत. कोणी वाकले आहे, कोणी हात ताणले आहेत, एकाच्या हातात काठी आहे. काही आकृत्यांशेजारी अस्वल, माकड अशा प्राण्यांची नावे आहेत, तर काहींशेजारी गुडघेदुखी, बहिरेपणा अशा तक्रारी लिहिलेल्या आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हे व्यायाम दुखण्यावरचा उपाय म्हणून केले जात होते. त्यांना ‘दाओयिन’ म्हणतात. झुआंगझी या ग्रंथात अशा व्यायामांनी दीर्घायुष्य मिळवू पाहणाऱ्यांचा उल्लेख येतो, मात्र ताओशी, म्हणजे विश्वाच्या मूळ तत्त्वाशी, एकरूप झालेल्या ज्ञानी पुरुषाला याची गरज पडत नाही असेही तो सांगतो. शरीर राखण्यासाठी केलेली साधना आणि मुक्तीसाठी केलेली साधना यांतला हा फरक पुढे कायम राहिला.

दुसरा प्रवाह किमयेचा. हिंगूळ, पारा, शिसे भट्टीत घालून अमरत्वाचे औषध बनवण्याचा प्रयत्न शतकानुशतके चालला. थांग घराण्यातील एकाहून अधिक सम्राट अशी औषधे घेऊन विषबाधेने दगावले. हळूहळू भट्टीचा मार्ग मागे पडला, पण तिची भाषा तशीच राहिली. भट्टी आणि कढई साधकाच्या पोटात आली, अग्नी म्हणजे श्वास आणि अवधान झाले, शिसे व पारा ही देहातील तत्त्वांची नावे झाली. वाघ, ड्रॅगन, पिवळी आजी, सोनेरी मुलगा अशा संकेतांनी हे ग्रंथ भरलेले आहेत. एकच संकेत दोन शाखांत दोन अर्थांनी येतो आणि त्या अर्थांवर साधनेची कृती अवलंबून असते. ग्रंथाला गुरूची जोड का लागते याचे कारण इथे आहे. त्यात गूढतेचा आव नाही, ती या वाङ्मयाची प्रत्यक्ष अडचण आहे.

झांग बोदुआन याने १०७५ च्या सुमारास नेइदानावर जी पद्ये रचली ती या परंपरेचा आधारग्रंथ मानली जातात. कन्फ्यूशियसच्या सर्वांत हुशार शिष्यांहून तू बुद्धिमान असलास, तरी खरा गुरू भेटल्याशिवाय उगाच तर्क लढवू नकोस, असे तो त्यात सांगतो. त्याला स्वतःला उपदेश मिळाला तो उतारवयात, १०६९ साली छेंगदू येथे. आपण तीनदा अपात्र माणसांना विद्या दिली आणि तिन्ही वेळा संकट ओढवून घेतले, असेही त्याने लिहून ठेवले आहे. पारख शिष्याने गुरूची करायची तशी गुरूने शिष्याचीही करायची, हे त्यातून स्पष्ट होते.

साधनेचे स्वरूप

देहात तीन ठिकाणी ‘दानत्यान’ म्हणजे अमृतगुटिकेची क्षेत्रे मानली आहेत : नाभीखाली, छातीत आणि मस्तकात. साधना बहुधा खालच्या क्षेत्रापासून सुरू होते. आधी ‘पाया घालणे’, म्हणजे झोप, आहार, कामवासना आणि मनाची धावपळ आटोक्यात आणून खर्च झालेली शक्ती भरून काढणे. पुढे ‘जिंग’चे (देहसत्त्व) छीमध्ये, छीचे ‘शेन’मध्ये (चैतन्य) रूपांतर आणि शेवटी शेनचा शून्यात लय, असे टप्पे सांगितले आहेत. पहिल्या टप्प्यात छी पाठीच्या कण्यातून तीन ‘दारे’ ओलांडत मस्तकात चढवतात आणि जीभ टाळूला लावून समोरच्या बाजूने पुन्हा नाभीखाली उतरवतात. या फेऱ्याला लघु आकाशचक्र म्हणतात.

बेजिंगमधील बाययुन गुआन या मंदिरात १८८६ सालची एक शिळा आहे, ‘नेइजिंग थू’ नावाची. तिच्यावर माणसाचा देह डोंगरदऱ्यांच्या देखाव्यासारखा कोरला आहे. तळाशी एक मुलगा व एक मुलगी पायाने रहाट चालवून पाणी वर ढकलताहेत. ते पाणी कण्याच्या वाटेने चढते. पोटाच्या भागात एक शेतकरी बैल जुंपून नांगरतो आहे आणि शेतात सोन्याची नाणी पेरतो आहे. त्याच्या वर चरख्यावर सूत काढणारी तरुणी आहे. मस्तकाच्या जागी शिखरे आहेत. तिथे एक वृद्ध बसलेला आहे आणि दोन्ही हात वर उचललेला एक परदेशी भिक्षू उभा आहे. हा भिक्षू म्हणजे भारतातून गेलेला बोधिधर्म असे सामान्यतः मानतात. ताओ साधनेच्या या सर्वांत प्रसिद्ध चित्रात बौद्ध भिक्षूला मस्तकाजवळ स्थान मिळाले आहे. नेइदान बौद्ध ध्यानमार्गाच्या सहवासातच वाढले, हे विसरता येत नाही.

मराठी वाचकाला इथे नाथपंथ आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन आठवेल. साम्य खरे आहे, गुरुपरंपरेच्या आग्रहापर्यंत ते जाते. तरी एक भेद फार महत्त्वाचा आहे. लघु आकाशचक्राच्या टप्प्यात शक्ती वर चढवून तिथेच ठेवायची नसते. ती खाली आणून नाभीखाली साठवल्यावरच फेरा पूर्ण होतो. दोन्ही पद्धती अर्धवट ऐकून त्यांची मोळी बांधणाऱ्या शिक्षकाकडून नेमकी हीच गोष्ट निसटते.

स्त्रियांसाठी ‘न्यूदान’ नावाची स्वतंत्र शाखा आहे. तिच्यात साधनेचा आरंभ छातीच्या क्षेत्रापासून सांगितला जातो. छ्वानझेन या संन्यासी ताओ पंथाच्या सात आद्य शिष्यांपैकी सुन बुअर (१११९–११८२) ही या शाखेची आदर्श मानली जाते.

भोंदू गुरूंचा जुना इतिहास

गे हुंग (२८३–३४३) हा किमया आणि दीर्घायुष्याचा गाढा अभ्यासक होता. आपल्या ग्रंथाचे एक अख्खे प्रकरण त्याने खोट्या गुरूंवर खर्च केले आहे. गू छियांग नावाचा एक ऐंशीच्या घरातला, धडधाकट म्हातारा आपले वय चार हजार वर्षे सांगे. पुराणकालीन सम्राटांच्या भुवया कशा होत्या, कन्फ्यूशियसला आपण काय सांगितले, हे तो डोळ्यांनी पाहिल्यासारखे वर्णन करी. एका अधिकाऱ्याने त्याला जेडचा पेला भेट दिला. काही दिवसांनी म्हातारा त्याच अधिकाऱ्याला तोच पेला दाखवून म्हणाला, हा मला फार पूर्वी एका सिद्धाने दिला. पुढे तो एका भक्ताच्या घरी आजारी पडून मेला. तो देह सोडून सिद्धलोकी गेला असावा, या समजुतीने भक्ताने वर्षभराने शवपेटीला भोक पाडून पाहिले. प्रेत आत जसेच्या तसे होते.

त्साय दान याची कथा अधिक करुण आहे. घरदार सोडून तो साधनेला लागला, घरच्यांची उपासमार झाली, तोही कंगाल झाला. मग दूरच्या डोंगरात जाऊन लाकडे तोडून त्याने तीन वर्षे काढली. हाडांचा सापळा होऊन परतल्यावर त्याने घरी सांगितले की, लाओत्सेने (ताओ परंपरेचा आद्य गुरू) मला ड्रॅगन राखायला ठेवले होते, त्यातला एक उत्तम ड्रॅगन मी जुगारात हरलो आणि शिक्षा म्हणून मला कुनलुन पर्वतावर खुरपणीला पाठवले. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला.

गे हुंगला ही साधना खरी वाटत होती, म्हणून त्याला या माणसांचा राग होता. प्रामाणिक माणूस अशांच्या सेवेत आयुष्य घालवतो आणि हाती काही लागत नाही, हे त्याचे दुःख आहे. त्याने दाखवलेली लक्षणे आजही तंतोतंत लागू पडतात : अचाट वय किंवा अचाट भेटी सांगणे, शिष्यांच्या संख्येचा बडेजाव, आणि मोठे रहस्य ‘पुढे देईन’ असे म्हणत माणसाला टांगणीला लावणे.

परंपरा, दीक्षा आणि त्यांच्या मर्यादा

आजच्या ताओ पुरोहितांच्या दोन मुख्य शाखा आहेत. झेंगयी पुरोहित संसारी असतात. त्यांचे मुख्य पीठ ज्यांगशी प्रांतातील लोंगहू पर्वतावर आहे आणि त्यांचे काम प्रामुख्याने विधींचे असते. छ्वानझेन पंथ वांग छोंगयांग (१११३–११७०) याने स्थापन केला. त्याचे संन्यासी ब्रह्मचारी व शाकाहारी असतात, मठात राहतात, आणि नेइदान हा त्यांच्या शिकवणीचा गाभा आहे. वांगचा शिष्य छिउ छूजी याला चंगीझ खानाने बोलावून घेतले. १२२२ साली हिंदुकुशच्या परिसरात दोघांची भेट झाली. अमरत्वाचे औषध आहे का, असे खानाने विचारले. जीव जपण्याचे मार्ग आहेत, अमर करणारे औषध नाही, असे छिउने जगातील सर्वांत बलाढ्य माणसाला तोंडावर सांगितले. या परंपरेत खरा गुरू कसा बोलतो याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

छिउच्या नावाने चालणाऱ्या लोंगमेन शाखेत प्रत्येक पिढीसाठी एका पद्यातील एकेक अक्षर ठरलेले आहे. दीक्षा घेणाऱ्याच्या नावात ते अक्षर येते. त्यामुळे ‘मी अमुकाव्या पिढीचा’ असे कोणी म्हटले तर त्याचे दीक्षानाव, त्याच्या गुरूचे नाव आणि पद्यातील क्रम ताडून पाहता येतो. १९४९ नंतर खंडित झालेला छ्वानझेन दीक्षाविधी १९८९ साली बाययुन गुआनमध्ये पुन्हा झाला. १९५७ मध्ये स्थापन झालेला चिनी ताओ संघ पुरोहितांची अधिकृत नोंद ठेवतो.

एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण परंपरेची कागदपत्रेही माणसांनीच घडवलेली असतात. लोंगमेन शाखेला संघटित रूप सतराव्या शतकात वांग छांगय्वे याने दिले. छिउपर्यंतची मधली साखळी नंतर जोडलेली दिसते, असे आधुनिक संशोधकांचे मत आहे. पाश्चात्त्यांना नेइदानाची ओळख करून देणारे ‘सुवर्णपुष्पा’चे पुस्तक रिचर्ड विल्हेल्म यांनी १९२९ मध्ये जर्मनमध्ये आणले, त्याला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचे भाष्य होते. त्याचा मूळ चिनी मजकूर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका मंडळात दैवी लेखनाच्या, म्हणजे देवता माणसाच्या हातून लिहविते असे मानणाऱ्या, विधीतून उतरला आणि ल्यू दोंगबिन या सिद्धाच्या नावावर चालला. दीक्षापत्र म्हणजे त्या माणसाला कोणीतरी स्वीकारल्याचा पुरावा. त्याने साधना केली आहे का, त्याला ती शिकवता येते का, हे त्यावरून कळत नाही. कित्येक दीक्षित पुरोहित नेइदान करतच नाहीत, आणि दीक्षा न घेतलेल्या गृहस्थांकडेही ही विद्या राहिलेली आहे.

अशा गृहस्थांत छेन यिंगनिंग (१८८०–१९६९) यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९३० च्या दशकात शांघायमध्ये त्यांनी नियतकालिकांतून वाचकांच्या साधनेविषयीच्या प्रश्नांना जाहीर उत्तरे दिली, जुन्या ग्रंथांतले संकेत उलगडून सांगितले आणि स्त्री-साधकांसाठीही लिहिले. गुप्ततेच्या आड लपणाऱ्यांची सद्दी अशा कामाने कमी झाली.

आधुनिक काळ आणि धोके

‘छिगोंग’ हा शब्द आजच्या अर्थाने, म्हणजे छी जोपासण्याचे श्वास व हालचालींचे व्यायाम या अर्थाने, रूढ झाला तो १९५० च्या दशकात. हबेई प्रांतातील ल्यू ग्वेइझेन यांनी श्वसन व स्थिर बैठकीच्या जुन्या पद्धती धर्मापासून वेगळ्या काढून रुग्णालयांत आणल्या. १९८० नंतर त्याची देशभर लाट आली. मंचावरून छी सोडून हजारो श्रोत्यांना बरे करण्याचा दावा करणारे गुरू निघाले. १९९९ मध्ये फालुन गोंग या छिगोंगमधून निघालेल्या पंथावर बंदी आली, तेव्हा इतर मोठ्या संघटनाही मोडल्या. २००३ मध्ये सरकारी पुढाकाराने चार आरोग्य-छिगोंग प्रकार प्रमाणित झाले : यीजिनजिंग, वूछिनशी, ल्यूझीज्वे आणि बादुआनजिन. पुण्या-मुंबईतल्या वर्गांत बादुआनजिन शिकायला मिळते ते बहुतेक या प्रमाणित रूपात किंवा त्याच्या जवळचे. ते चांगले आहे, सुरक्षित आहे, आणि शिक्षकाने त्याला नेइदान म्हटले नाही तर पूर्ण प्रामाणिकही आहे.

चुकीच्या साधनेने होणाऱ्या बिघाडाला चिनी भाषेत ‘अग्नी भरकटला, भूत शिरले’ अशा अर्थाचे नाव आहे. डोक्यात सतत दाब, निद्रानाश, अंगात थांबवता न येणाऱ्या हालचाली, आवाज ऐकू येणे, भ्रम अशी लक्षणे दिसतात. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या १९९४ च्या आवृत्तीत छिगोंगशी निगडित मनोविकाराची नोंद आहे. असे काही जाणवले तर साधना ताबडतोब थांबवावी आणि डॉक्टरांकडे जावे. ‘शुद्धी चालू आहे, सोसा’ असे सांगणारा शिक्षक त्या क्षणी सोडावा.

नेइदान शिकवणारा चांगला शिक्षक पहिल्या दिवशी झोप, पचन, औषधे, मानसिक आजाराचा इतिहास यांची चौकशी करतो. पुष्कळ काळ उभे राहणे, बसणे आणि श्वास सैल सोडणे यापुढे जात नाही. आपण कोणाकडे आणि किती काळ शिकलो हे तो विचारताच सांगतो, आणि त्याच्या गुरुबंधूंना विचारले तर त्याला राग येत नाही. छी ‘भरून देतो’ असे तो म्हणत नाही. पैसे घेणे गैर नाही, मठांनाही दक्षिणा लागतेच. पायऱ्यांना किंमत लावून पुढची पायरी विकणे मात्र गैर आहे.

हूबेई प्रांतातील वुदांग पर्वताच्या पायथ्याशी परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक निवासी शाळा आहेत. तिथे प्रामुख्याने युद्धकला आणि छिगोंग शिकवतात. त्यांतले काही शिक्षक मठात राहिलेले आहेत, काही नाहीत, आणि शाळा म्हणजे मंदिर नव्हे. मठवासी गुरूकडे शिकायचे तर चिनी भाषा यावी लागते, कारण बैठकीत बसलेल्या साधकाला त्या क्षणी काय होते आहे हे गुरूला सांगता आले पाहिजे, आणि ते दुभाष्यामार्फत सांगणे फार अवघड जाते.