पार्श्वभूमी : ‘द न्यू वेव्ह’च्या आधी काय घडलं?

‘द न्यू वेव्ह’ ही डाफ्ट पंक या पॅरिसच्या, यंत्रांवर नाचाचं संगीत करणाऱ्या जोडीची पहिली तबकडी. तिची गोष्ट मात्र आपल्या ओळखीच्या गाण्यापासून सुरू करता येते. ‘जिमी जिमी जिमी आजा’ आपल्याकडे आजही हळदीला, गॅदरिंगला वाजतं. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधलं हे गाणं बप्पी लाहिरींच्या नावावर असलं, तरी त्याची चाल पॅरिसहून आली. ओतावाँ या गायकजोडीचं १९८० सालचं ‘ते ओके’ ऐका, पहिल्या काही सेकंदांतच ओळख पटते. ते गाणं रचणाऱ्यांपैकी एक होते दानिएल व्हांगार्द. ओतावाँचं ‘डी.आय.एस.सी.ओ.’सुद्धा त्यांचंच. व्हांगार्द हे घेतलेलं नाव, घरचं आडनाव बांगाल्तेर. त्यांचा मुलगा तोमा पुढे डाफ्ट पंक या जोडीतला अर्धा वाटेकरी झाला.

दुसरा अर्धा म्हणजे गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो. दोघांची गाठ १९८७ मध्ये पॅरिसच्या लिसे कार्नो या शाळेत पडली. पण तिथून थेट नाचाच्या संगीताकडे गेले असं झालं नाही. आधी त्यांना गिटारवाला बँड काढायचा होता. लोराँ ब्रांकोवित्झ या मित्राला घेऊन १९९२ मध्ये त्यांनी तो काढलाही. नाव ‘डार्लिन’, बीच बॉइजच्या गाण्यावरून घेतलेलं. स्टीरिओलॅब या बँडच्या ड्युओफोनिक या लेबलने (म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीने) इतरांच्या गाण्यांसोबत त्यांचीही गाणी एका छोट्या तबकडीवर काढली.

त्या गाण्यांची लंडनच्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाने जी वासलात लावली, ती प्रसिद्ध आहे. समीक्षकाचे शब्द होते ‘डाफ्ट पंकी थ्रॅश’. मराठीत सांगायचं तर खुळचट, पंकछाप धडधडाट. बँड लवकरच मोडला. ब्रांकोवित्झ पुढे फीनिक्स या बँडमध्ये स्थिरावला. उरलेल्या दोघांनी त्या शिवीतले दोन शब्द उचलले आणि स्वतःला लावून घेतले. टीका झोंबली असणारच, पण नाव झकास मिळालं, हे मान्य करायला हवं.

दरम्यान युरोपभर वारं बदललं होतं. शिकागोच्या वेअरहाउस क्लबमध्ये, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुणांच्या गर्दीत, फ्रँकी नकल्ससारख्या डीजेंनी डिस्कोचं पुढचं रूप घडवलं. त्याला हाउस हे नाव त्या क्लबवरूनच पडलं, असं सांगतात. (आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. इथे डीजे म्हणजे दोन तबकड्या एकमेकींत बेमालूम मिसळणारा माणूस.) यंत्रंही बहुतेक टाकाऊ ठरलेली. रोलँड कंपनीची टीबी-३०३ ही चंदेरी पेटी गिटारवाल्यांना घरबसल्या बेसची साथ मिळावी म्हणून निघाली होती. ती खपली नाही, १९८४ पर्यंत तिचं उत्पादन थांबलं, आणि ती सेकंडहँड दुकानांत स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या पोरांनी तिची बटणं भलतीकडे पिळली. त्यातून जो किंचाळता, चिकट आवाज निघाला, त्याला अ‍ॅसिड म्हणू लागले. १९८८ च्या उन्हाळ्यात ब्रिटन या आवाजाने वेडं झालं. उजाड गोदामांत आणि शेतांत रात्र-रात्र नाच चालू लागला. १९९४ मध्ये तर तिथल्या सरकारने अशा मेळाव्यांना आवर घालायला केलेल्या कायद्यात ‘पुनरावृत्त ठोके’ असलेलं संगीत अशी चक्क व्याख्याच घातली.

पॅरिसच्या या दोन पोरांच्या कानांवरही हा आवाज पडला होता. तोमा जानेवारी १९९३ मध्ये अठराचा झाला. गिटार बाजूला पडली आणि सॅम्पलर (दुसऱ्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे उचलून वाजवणारं यंत्र), सिंथेसायझर, ड्रम मशीन खोलीत आली.

मग सप्टेंबर १९९३. पॅरिसजवळच्या युरो डिस्नेत रेव्ह पार्टी, म्हणजे तसाच रात्रभर नाचाचा मेळावा होता. मिकी माउसच्या अंगणात टेक्नो, म्हणजे यंत्रांवरचं ठोकेबाज संगीत, हा योगच मुळात गमतीचा. तिथे ग्लासगोच्या स्लॅम या डीजे जोडीतला स्टुअर्ट मॅकमिलन त्यांना भेटला. स्लॅमच्या मंडळींचं १९९१ पासून सोमा हे स्वतःचं छोटं लेबल होतं. पोरांनी डेमो टेप त्याच्या हातात ठेवली. पार्टीत हातात पडलेल्या टेपा बहुधा तशाच पडून राहतात, ही वाजवली गेली.

त्या टेपमधून १९९४ मध्ये ‘द न्यू वेव्ह’ निघालं, सोमाची चौदाव्या क्रमांकाची, बारा इंची तबकडी म्हणून. मोजक्याच प्रती काढल्या होत्या. बारा इंची तबकडीचं कारण धंद्याचं: एका बाजूला एखाद-दुसरंच गाणं असल्याने खाचा ऐसपैस पडतात, बेस दणदणीत उठतो, आणि डीजेला सुई नेमकी ठेवता येते. ‘द न्यू वेव्ह’ ऐकताना हे ध्यानात ठेवावं. सात मिनिटांच्या आसपासचं हे गाणं दिवाणखान्यात बसून ऐकण्यासाठी केलेलंच नाही. गाणारा आवाज नाही, कडवं नाही. ठेका धरला जातो आणि त्याच्यावर सिंथेसायझरची एक खरखरीत आकृती फिरत-फिरत चढत जाते. पुढे ज्या गोड, चकचकीत चालींसाठी डाफ्ट पंक ओळखले गेले, त्यातलं इथे जवळजवळ काहीच नाही. माझ्या मते हे त्यांचं मोठं गाणं नव्हेच, पण हात कुठे तयार होत होता ते यात स्पष्ट दिसतं.

गाजलं ते पुढचं, १९९५ चं ‘दा फंक’. त्यात ती ३०३ पेटी भरपूर किंचाळते. मग मोठ्या कंपन्या दारात आल्या. १९९६ मध्ये व्हर्जिनशी करार झाला, पण ध्वनिमुद्रणांची मालकी दोघांनी आपल्याकडेच ठेवली. विशीतल्या मुलांना हे शहाणपण कुठून आलं याचं उत्तर घरातच होतं. वडिलांनी या धंद्यात आयुष्य काढलं होतं, आणि मुलगा त्यांचा सल्ला घेत होता.

जानेवारी १९९७ मध्ये पहिला अल्बम आला, नाव ‘होमवर्क’, म्हणजे घरच्या खोलीत केलेला अभ्यास. त्यातलं ‘टीचर्स’ ही निव्वळ गुरुवंदना आहे, शिकागो-डेट्रॉइटपासूनच्या कलाकारांची नावं एकामागून एक. ‘द न्यू वेव्ह’ हे नाव मात्र अल्बमवर सापडत नाही. त्या पहिल्या तबकडीवरच गाण्याचं एक शेवटचं रूप ‘अलाइव्ह’ या नावाने होतं, अल्बमवर तेच घेतलं. हेच नाव पुढे त्यांच्या दोन्ही मैफलींच्या ध्वनिमुद्रणांना मिळालं: ‘अलाइव्ह १९९७’ आणि ‘अलाइव्ह २००७’.