संरक्षण खर्चाची माहिती मागताय? तुमचा अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी वाचा

संरक्षण मंत्रालयाला टपालाने पाठवलेला माहिती अधिकाराचा अर्ज परत आला की मी पाकीट उघडून आधी पहिल्या पानाचा वरचा कोपरा बघतो. बहुतेक वेळा तिथे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलेला असतो. तहसील, जिल्हा परिषद, महापालिका या कार्यालयांत अर्ज करून आपल्या हाताला ती सवय लागलेली असते, आणि महाराष्ट्राच्या नियमांत ते चालतंही. पण संरक्षण मंत्रालय केंद्राचं आहे. त्याला केंद्राचे २०१२ चे नियम लागू होतात आणि त्या नियमांत कोर्ट फी स्टॅम्प नाही. फी दहा रुपयेच, पण ती रोख, डिमांड ड्राफ्ट, बँकर्स चेक, पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन भरायची. पोस्टल ऑर्डर त्या कार्यालयाच्या ‘अकाउंट्स ऑफिसर’च्या नावे काढा. नावाची जागा कोरी ठेवू नका आणि ‘संरक्षण मंत्री’ असंही लिहू नका. त्यापेक्षा केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करणं केव्हाही बरं. फी तिथेच भरली जाते आणि नोंदणी क्रमांक लगेच मिळतो. राज्याचं पोर्टल वेगळं आहे, तिथून दिल्लीला अर्ज जात नाही.

ही खटपट का करायची, असं विचारणारे भेटतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले होते, म्हणजे एकूण खर्चाच्या १३ टक्क्यांहून थोडे अधिक. आरोग्य मंत्रालयाच्या वाट्याला जेमतेम एक लाख कोटी आले. संरक्षणाला पैसे लागतात याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या घरातही लष्करातून निवृत्त झालेली माणसं आहेत. पण कित्येक वर्षी संरक्षणाच्या अनुदान मागण्या लोकसभेत सविस्तर चर्चेविनाच मंजूर होतात. इतक्या मोठ्या रकमेचं पुढे काय झालं हे विचारायला नागरिकाच्या हातात जी थोडी साधनं उरतात, त्यांत दहा रुपयांचा हा अर्ज आहे. तो स्टॅम्पपायी वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

अर्ज कोणी करायचा? भारताचा कोणीही नागरिक करू शकतो. माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. ठरावीक नमुना नाही, साध्या कागदावर चालतं. राज्याच्या अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे, केंद्राच्या अर्जाला पाचशेची, आणि केवळ पाचशेच्या वर शब्द गेले म्हणून अर्ज फेटाळता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ आहे, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. आधार कार्ड जोडण्याची अट नियमात नाही. तरी काही कार्यालयं ओळखपत्राची प्रत मागणारं पत्र पाठवतात आणि त्यात अर्जदाराचा महिना जातो. तत्त्वासाठी भांडायचं असेल तर जरूर भांडा, पण माहिती लवकर हवी असेल तर मतदार ओळखपत्राची प्रत हाताशी ठेवा.

आता पत्ता. सगळ्यात जास्त अर्ज इथेच भरकटतात. ‘संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली’ एवढं लिहून भागत नाही. मंत्रालयातच संरक्षण, लष्करी व्यवहार, संरक्षण उत्पादन, माजी सैनिक कल्याण असे वेगवेगळे विभाग आहेत. भूदल, नौदल आणि वायुदल यांची मुख्यालयं वेगळी. कँटोन्मेंट बोर्डाची, म्हणजे लष्करी छावणीच्या हद्दीचा नागरी कारभार बघणाऱ्या मंडळाची, माहिती त्या बोर्डाच्याच जनमाहिती अधिकाऱ्याकडे (अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) असते. खडकी, वरणगाव, भंडारा इथल्या जुन्या आयुध निर्माणी २०२१ पासून सरकारी कंपन्यांकडे गेल्या आहेत, त्यामुळे त्यांचा अर्ज त्या कंपनीकडे करायचा. चुकीच्या दारात अर्ज पडला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायला हवा. कागदावर पाच दिवस आहेत, प्रत्यक्षात अर्ज टेबलांवरून फिरत राहतो आणि अर्जदाराला वाटतं की आपल्याला टाळताहेत.

लष्कर माहिती अधिकारातून वगळलं आहे, हा समज तर सुशिक्षित माणसांतही पक्का बसलाय. तिन्ही दलं वगळलेली नाहीत. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे वगळलेल्या संस्थांच्या यादीत, डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था आहे. पुण्यात पाषाण आणि दिघीला तिच्या प्रयोगशाळा आहेत म्हणून लोक थेट तिथे अर्ज टाकतात आणि कलम २४ दाखवणारं एका ओळीचं उत्तर घेऊन येतात. डीआरडीओकडून भ्रष्टाचाराच्या आरोपांसंबंधीची माहिती मागता येते. मानवी हक्कभंगाच्या आरोपांसंबंधीची माहिती केंद्रीय माहिती आयोगाच्या मान्यतेने मिळते. त्यापलीकडचं मागून दहा रुपये आणि उमेद दोन्ही घालवू नका.

यानंतर येतो प्रश्न लिहिण्याचा भाग. एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या, कँटोन्मेंट हद्दीतच राहणाऱ्या. पहिला अर्ज फेटाळला गेला होता. त्यात एकच प्रश्न होता: ‘आमच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध मिळत नाही आणि तोफांना पैसे आहेत, असे का?’ प्रश्न अगदी खरा होता. पण कायद्याच्या व्याख्येत ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाच्या नोंदीत असलेली गोष्ट, आणि ‘का’चं उत्तर फायलीत लिहिलेलं नसेल तर अधिकाऱ्याने ते तयार करून देणं बंधनकारक नाही. बाईंना याचा फार राग आला होता. मी म्हटलं, बाई, राग तसाच ठेवा, आपण फक्त वाक्यं बदलू. मग त्यांच्याच वहीत आम्ही असं लिहिलं:

‘२०२१-२२ ते २०२४-२५ या काळात बोर्डाला संरक्षण मंत्रालयाकडून मिळालेले अनुदान, वर्षनिहाय, मंजुरीपत्रांच्या प्रतींसह.
लष्करी मालमत्तांपोटी बोर्डाला येणे असलेले सेवा शुल्क, दिनांक ३१ मार्च २०२५ रोजीची थकबाकी, आणि ती मागण्यासाठी बोर्डाने केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती.
दवाखान्याच्या औषध खरेदीसाठीची मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, वर्षनिहाय.’

दुसरी ओळ नीट बघा. लष्कराच्या मालमत्तेवर मालमत्ता कर लागत नाही, त्याऐवजी कँटोन्मेंट बोर्डाला सेवा शुल्क मिळायचं असतं. पुणे, खडकीसारख्या बोर्डांची त्याच्या थकबाकीची तक्रार जुनी आहे. म्हणजे ‘तोफा की औषध’ हा बाईंचा प्रश्न नोंदीच्या भाषेत विचारायचा तर तो याच ओळीत येतो.

तिसऱ्या ओळीतले तीन शब्दप्रयोग कधीही गाळू नका. २०२४-२५ मध्ये संरक्षणाची भांडवली (शस्त्रं, विमानं अशा खरेदीची) तरतूद अर्थसंकल्पात १ लाख ७२ हजार कोटी होती, सुधारित अंदाजात ती १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर आली. वर्षाअखेर ‘भांडवली तरतूद पूर्ण खर्च झाली’ अशी बातमी आली, ती या कमी केलेल्या आकड्याच्या हिशेबाने. तुम्ही नुसती ‘तरतूद’ मागितली तर दोन्हींपैकी कोणताही आकडा मिळू शकतो आणि दोन्ही उत्तरं खरीच ठरतील.

नकाराचं सर्वांत वापरलं जाणारं कारण म्हणजे कलम ८(१)(अ): देशाची सुरक्षा, सामरिक हित. दारूगोळ्याचा साठा किती, तुकडी कुठे तैनात आहे, हे मागितलंत तर नकार येणारच आणि तो यायलाच हवा. पण करार कधी झाला, माल यायला किती महिने उशीर झाला, पुरवठादाराला दंड लावला का, लेखापरीक्षणाने काढलेल्या आक्षेपावर काय कार्यवाही झाली, याला ‘सुरक्षा’ हा एक शब्द लिहून नकार देणं पुरेसं नाही. माहिती का देता येत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) ने अधिकाऱ्यावर टाकली आहे. कागदाचा काही भाग गोपनीय असेल तर तेवढा झाकून उरलेला द्यायचा, असं कलम १० सांगतं. म्हणून अर्जाच्या शेवटी ‘कलम १० नुसार उर्वरित भाग द्यावा’ हे वाक्य घालाच. अधिकृत गुपिते कायदा १९२३ चा बाऊ केला तर कलम २२ दाखवा. माहिती अधिकार कायदा त्याच्या वर चालतो, आणि राफेल विमान खरेदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ ला गोपनीयतेचा सरकारी आक्षेप फेटाळला तेव्हा याच कायद्याचा आधार घेतला होता. तरीही एक सांगतो. त्याच राफेल खरेदीवरच्या, सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात किमतीचे आकडे झाकूनच संसदेपुढे आले होते. एका विमानाची, एका तोफेची किंमत मागण्यात वर्ष घालवण्याआधी महालेखापरीक्षकांचे संरक्षणावरचे अहवाल आणि संसदेच्या संरक्षण स्थायी समितीचे अहवाल वाचा. स्थायी समितीचे अहवाल तर फुकट आणि उघड उपलब्ध आहेत. परिच्छेद क्रमांक देऊन ‘यावरील कार्यवाहीची प्रत द्या’ असं मागणारा अर्ज सहजी टाळता येत नाही.

मुदतीत लोक फार फसतात, म्हणून हे सावकाश वाचा. तीस दिवस मोजायचे ते अर्ज कार्यालयात पोचल्यापासून, टपालात टाकल्यापासून नव्हे. अर्ज दुसरीकडे वर्ग झाला तर पाच दिवस वाढवून धरा. आणि मध्येच ‘इतकी पानं, दोन रुपये पानाप्रमाणे इतकी रक्कम भरा’ असं पत्र आलं तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत. शिक्षिकाबाईंना असंच पत्र आलं होतं, बेचाळीस पानांचे चौऱ्याऐंशी रुपये मागणारं. त्यांना वाटलं नकारच आला, आणि ते पत्र तीन आठवडे देव्हाऱ्यामागे पडून राहिलं. पैसे भरल्यावर नवव्या दिवशी सगळी पानं घरी आली. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती मात्र कलम ७(६) नुसार फुकट द्यावी लागते.

उत्तर आलंच नाही तर ‘येईल’ म्हणून थांबू नका. मुदत संपल्यापासून तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ, म्हणजे अपिलीय अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करायचं. चार-पाच महिने वाट बघून आलेल्यांना मला हात जोडून सांगावं लागतं की आता विलंब माफीसाठी कारण लिहा किंवा नवा अर्ज करा. अपिलीय अधिकाऱ्याला तीस दिवस आहेत, कारण नोंदवून पंचेचाळीस. तोही गप्प बसला तर केंद्रीय माहिती आयोगाकडे द्वितीय अपील नव्वद दिवसांत. हे नव्वद दिवस आदेश हातात पडल्यापासून किंवा तो यायला हवा होता त्या तारखेपासून धरतात. राज्याच्या अपिलाला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो, केंद्राच्या दोन्ही अपिलांना काहीच फी नाही.

द्वितीय अपिलासोबत मूळ अर्ज, आलेलं उत्तर, प्रथम अपील, त्यावरचा आदेश असेल तर तो, आणि या सगळ्यांची पृष्ठक्रमांकासह अनुक्रमणिका लागते. प्रत्येक प्रतीवर तुमची सही हवी. अनुक्रमणिका नाही म्हणून परत आलेली अपिलं मी पाहिली आहेत, त्यामुळे तो कागद आधी करा. सुनावणीची नोटीस आली की दिल्लीच्या तिकिटाचा खर्च बघून घाबरू नका. ती बहुधा तुमच्याच जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एनआयसी (सरकारी माहिती-तंत्रज्ञान) केंद्रात व्हिडिओ कॉन्फरन्सने होते. वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि अर्जाची पोच सोबत न्या.