मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो चांगला?

पहिला कॅमेरा घेताना मेगापिक्सेलचा आकडा बघा, हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. तो दिशाभूल करणारा आहे. ए४ आकाराची छपाई ३०० डीपीआयने (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) केली तरी जेमतेम ९ मेगापिक्सेल लागतात. म्हणजे २४ मेगापिक्सेलचा वापरलेला कॅमेराही भरपूर झाला. आणि २४ वरून ४८ वर गेल्याने तपशील दुप्पट होत नाही. लांबी-रुंदीत प्रत्येकी सुमारे ४१ टक्केच भर पडते.

खरा फरक पडतो लेन्समुळे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी नेहमीची १८-५५ मिमी झूम लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). ५० मिमी एफ/१.८ ची साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स तिच्या नऊ-दहापट प्रकाश आत घेते! संध्याकाळी घरात १/१५ सेकंदाच्या शटरवेगाला हलका धूसर येणारा चेहरा त्याच आयएसओवर (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेवर) १/१२५ ला टिपता येतो. जाहिरातीत मात्र मेगापिक्सेलच ठळक छापतात, कारण मोठा आकडा पटकन कळतो.

एक अडचण मात्र आहे: एपीएस-सी सेन्सरवर (हा फुल-फ्रेम सेन्सरपेक्षा लहान असतो) ५० मिमी लेन्स ७५-८० मिमीसारखी वागते, म्हणजे दृश्याचा लहान भागच टिपते, त्यामुळे लहान खोलीत मागे सरकायला जागाच उरत नाही. घरातलेच फोटो जास्त काढणार असाल तर ३५ मिमी घ्या. जादा मेगापिक्सेल खरोखर लागतात ते लांबचे पक्षी टिपून फोटो बराच क्रॉप करणाऱ्यांना, म्हणजे कडा कापून मधलाच भाग ठेवणाऱ्यांना.