नास्तिकाचं घर, लग्न आणि धर्माचा रकाना

देव नाही असं मनाशी ठरवायला माणसाला फारसं काही लागत नाही. थोडं वाचन, थोड्या शंका, कुणाच्या तरी मृत्यूनंतर न मिळालेलं उत्तर. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. गणपतीत आरतीला उभं राहायचं की आतल्या खोलीत बसायचं? वडिलांच्या दहाव्याला केस द्यायचे की नाही? लग्नात अंतरपाट धरायचा की नोंदणी करून मोकळं व्हायचं? मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?

नास्तिकतेचा इतिहास सांगायला बसलं की आपण चार्वाकापासून सुरुवात करतो. मला ते अपुरं वाटतं. देव, परलोक नाकारणाऱ्या त्या प्राचीन भारतीय विचारवंतांनी युक्तिवाद दिला. पण आस्तिक आईवडील, नवरा-बायको, शेजारी यांच्यात राहून नास्तिकाने जगायचं कसं, याची सोय गेल्या दीडशे वर्षांत थोडीथोडी होत गेली. आणि त्यातला मोठा वाटा आस्तिकांचा आहे.

पहिली सोय लग्नाची. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो समाजातल्या तरुणांना मूर्तिपूजेशिवाय, होमाशिवाय लग्न करायचं होतं, आणि ते कायद्याने ग्राह्य धरलं जावं अशी त्यांची मागणी होती. त्यातून १८७२ चा विशेष विवाह कायदा झाला. त्यात एक विलक्षण अट होती. आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही, असं वधूवरांनी लिहून द्यायचं. म्हणजे एका परमेश्वराची रोज उपासना करणाऱ्या लोकांनी मागितलेला कायदा प्रत्यक्षात निधर्मी माणसाच्या मापाचा निघाला. ब्राह्मो समाजाच्या जुन्या शाखेने, आदी ब्राह्मो समाजाने, याच कारणाने त्याला विरोध केला. आपण हिंदूच आहोत अशी त्यांची भूमिका होती. नास्तिकासाठी मात्र ते प्रतिज्ञापत्र म्हणजे सरकारदरबारी खरं बोलायची पहिली संधी होती.

पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लावलं. भटजी नाही, संस्कृत मंत्र नाहीत. पुढे फुल्यांनी स्वतः मराठीत मंगलाष्टकं रचली. त्यांत वधू स्त्रियांच्या स्वातंत्र्याचा विषय काढते आणि वर त्या हक्कांसाठी झटण्याचं वचन देतो. फुले नास्तिक नव्हते, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. निर्मिकावर, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्यावर, त्यांची श्रद्धा होती. त्यांचा विरोध मध्यस्थाला होता. पण मध्यस्थ हटला की जी जागा मोकळी होते, तिथे न मानणाराही उभा राहू शकतो. आज देव न मानणारी अनेक जोडपी सत्यशोधक पद्धतीने लग्न करतात, ती या मोकळ्या जागेत. ती फुकट मिळालेली नाही. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला भटजीला न बोलावता लग्नं लागली, तेव्हा ग्रामजोशांनी, म्हणजे गावच्या वंशपरंपरागत भटजींनी, हक्काच्या दक्षिणेसाठी दावा लावला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला.

घराच्या आतली गोष्ट आगरकरांची. गोपाळ गणेश आगरकर काटेकोरपणे बोलायचं तर अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे, पण पुण्याच्या लेखी नास्तिकच. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढलं आणि पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. बाहेर असा संग्राम चालू असताना घरात पत्नी यशोदाबाई व्रतवैकल्यं करत होत्या. आगरकरांनी त्यांना अडवलं नाही. लेखणीत इतका कठोर माणूस घरात मवाळ का, असा सवाल त्यांना करता येईल. मला त्यात मवाळपणा दिसत नाही. आपली विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हे ज्याला स्वतःपुरतं कळलं आहे, तो ती बायकोच्या हातून हिसकावून घेणार नाही. आजही कितीतरी घरांत एक जण देवपूजा करतो आणि दुसरा करत नाही. त्या घरांना आगरकरांच्या लेखांइतकाच त्यांचा संसारही उपयोगी आहे.

१८७२ च्या कायद्यातली ती नकाराची अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती १९२३ मध्ये शिथिल झाली. त्यामागे नागपुरात वकिली केलेले हरिसिंग गौर होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्माचा प्रश्नच बाजूला ठेवला. राहिली ती तीस दिवसांची नोटीस. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ती दोन नावं पत्त्यांसकट फलकावर लागतात, कुणीही येऊन वाचू शकतो. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यासाठी हा महिना फार लांब असतो.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती सेवाग्रामची हकिकत. गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे गोरा, हे आंध्रातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. ब्राह्मण घरातले, जानवं टाकलं म्हणून घर दुरावलं, नास्तिक मतांपायी कॉलेजातल्या नोकऱ्या गेल्या. १९४० मध्ये त्यांनी पत्नी सरस्वती यांच्यासह मुदुनूर या खेड्यात नास्तिक केंद्र सुरू केलं आणि अस्पृश्यतेविरुद्ध सहभोजनं घडवली. १९४१ मध्ये त्यांच्या पत्राला गांधींचं जे उत्तर आलं त्यात नास्तिकतेला सरळ नकार होता. पण १९४४ च्या अखेरीस दोघांची सेवाग्रामला गाठ पडली आणि बोलणं सुरू झालं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसं मिठाईच्या दुकानांसमोर भुकेने मेली, पण नशिबाला बोल लावत मुकाट राहिली, हा गोरांचा मुद्दा होता. माणूस देवाच्या भरवशावर बसणं सोडेल तेव्हाच तो उठेल, असं त्यांचं म्हणणं. गांधींनी ते ऐकून घेतलं. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मी म्हणू शकत नाही, परिणाम काय ते ठरवतील, या अर्थाचं त्यांचं उत्तर गोरांनी नोंदवून ठेवलं आहे.

मग प्रश्न आला गोरांच्या थोरल्या मुलीच्या, मनोरमाच्या लग्नाचा. वर अर्जुनराव, दलित समाजातला. गांधींनी आश्रमात लग्न लावायचं कबूल केलं. मुलाने आधी दोन वर्षं सेवाग्रामला राहावं, ही त्यांची अट. आणि शपथेचं काय? ईश्वराचं नाव घ्यायला गोरा तयार नव्हते. तेव्हा ईश्वराऐवजी सत्याला स्मरून शपथ घ्यावी, असं ठरलं. ज्याची रोजची प्रार्थना चुकत नसे, त्याने आपल्या आश्रमातल्या विधीतून देवाचं नाव काढू दिलं, कारण समोरच्याच्या तोंडी ते खोटं ठरलं असतं. ३० जानेवारीला गांधींची हत्या झाली. लग्न मात्र ठरल्याप्रमाणे १३ मार्च १९४८ रोजी सेवाग्रामलाच लागलं.

महाराष्ट्रात हा संवाद पुढे नेला तो डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू यांनी. लागूंचं म्हणणं थेट होतं: देव हीच सर्वांत मोठी अंधश्रद्धा. दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते, पण १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं दार त्यांनी आस्तिकांना बंद केलं नाही. लढा शोषणाविरुद्ध आहे, श्रद्धाळू माणसाविरुद्ध नाही, ही त्यांची भूमिका. दोघांनी हा मतभेद लपवला नाही. ‘विवेकजागर’च्या व्यासपीठांवर गावोगावी, लोकांसमोर ते वाद घालत. २००० मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावं म्हणून समितीने मोर्चा काढला. लागूही त्यात होते. ज्यांना शनीची भीती नाही आणि भक्तीही नाही, ते भक्त स्त्रीच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरले. विद्या बाळ आणि सहकाऱ्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आणि एप्रिल २०१६ मध्ये चौथरा खुला झाला. तोवर दाभोलकर हयात नव्हते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून करण्यात आला होता.

रकान्याचा निकालही याच वाटेने आला. येशूला मानणाऱ्या, पण आपण कोणत्याही धर्माचे नाही असं म्हणणाऱ्या तिघांनी राजपत्रात ‘धर्म नाही’ अशी नोंद मागितली. सरकारी मुद्रणालयाने ती नाकारली. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घटनेच्या २५ व्या कलमातल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म न मानण्याचा हक्कही येतो, आणि धर्म सांगायची सक्ती कोणताही अधिकारी करू शकत नाही. १८७२ प्रमाणेच इथेही दावा श्रद्धावंतांचा होता आणि लाभ नास्तिकांनाही झाला.

हा हक्क वापरणारे अजून थोडे दिसतात. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३३ हजार जणांची नोंद नास्तिक म्हणून झाली. त्यांतले ९,६५२ महाराष्ट्रातले, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. खरा आकडा यापेक्षा बराच मोठा असणार असं मला वाटतं. त्याचं एक कारण तर घराच्या उंबऱ्यावरच आहे. प्रगणक येतो, घरातलं मोठं माणूस उत्तरं देतं, आणि सगळ्यांच्या नावापुढे एकच धर्म लागतो. खरं तर प्रत्येक व्यक्तीचा धर्म स्वतंत्रपणे विचारून लिहायचा असतो. आता २०२७ ची जनगणना येते आहे. घरात कुणी देव न मानणारं असेल, तर त्या रकान्याचं उत्तर आईवडिलांनी त्याला स्वतःला देऊ द्यावं.