चिनी दारू फक्त फटाक्यांपुरती?

‘बंदुकीची दारू चिन्यांनी शोधली, पण त्यांनी नुसते फटाके उडवले, तोफा केल्या त्या युरोपीयांनी.’ शाळेपासून ऐकलेलं हे वाक्य ऐकायला झकास आहे, पण खोटं आहे.

चीनच्या सोंग राजघराण्याच्या दरबाराने तयार करवून घेतलेला ‘वूजिंग झोंगयाओ’ हा युद्धशास्त्राचा ग्रंथ १०४४ सालचा. त्यात दारू बनवण्याच्या तीन कृती दिल्यात, तिन्ही लढाईसाठी. एका विषारी धुराच्या गोळ्यात सोरा, गंधक, कोळसा यांच्यासोबत बचनाग, सोमल आणि चक्क जमालगोटा! ही काही शोभेची दारू नव्हे.

११३२ मध्ये दआन या चिनी शहराच्या वेढ्यात बांबूच्या नळीत दारू ठासून ‘अग्निभाले’ चालवले गेले. नळीतून आग ओकणारं हे हत्यार म्हणजे बंदुकीची आजीच. १२३२ मध्ये काइफंग शहराच्या तटावरून मंगोलांवर दारू भरलेले लोखंडी बॉम्ब पडले. चीनमध्येच शांगदूला सापडलेल्या काशाच्या छोट्या तोफेवर तर सालच कोरलंय, १२९८. युरोपातलं तोफेचं सर्वांत जुनं ज्ञात चित्र १३२६ चं.

पुढे युरोपीय तोफा सरस झाल्या, हे खरंच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तोफा पाहून मिंग राजवटीतल्या चीनने त्यांची नक्कल केली. चिनी लोक या तोफेला ‘फोलांगजी’ म्हणत. मूळ शब्द ‘फ्रँक’, म्हणजे आपल्या ‘फिरंगी’चा सख्खा भाऊ.